मोठ्या आवाजाची डबी

सकाळी सातलाच मक्याची पानं सुरळ्या करून उभी होती. दुपारी वळली असती तर अक्का काही बोलली नसती. दुपारच्या उन्हात माणूससुद्धा अंग चोरतो. पण सकाळी सातला पान वळलंय, म्हणजे रातभर झाडाच्या घशात थेंब गेलेला नाही. तिनं एक पान बोटांनी उलगडलं आणि सोडलं. ते पुन्हा गुंडाळलं गेलं. तुरे बाहेर पडले होते, कणसांना केस फुटायला लागले होते. हे केस ओलसर असले तरच तुऱ्यावरची भुकटी त्यांना धरते आणि दाणा भरतो. वाळले की कणीस बोळकं. हातात चार दिवस होते. फार तर पाच.

आणि पाणी काही कुठे पळून गेलेलं नव्हतं. कालवा काठोकाठ भरून वाहत होता, शेतात उभं राहिलं तरी त्याचा आवाज यायचा. पलीकडे उंचावर पाणीसंस्थेच्या अध्यक्षांची मोटर दिवसरात्र धडधडत होती आणि त्यांच्या शेतात बेडूक ओरडत होते. अक्काच्या शेताला पाणी देणाऱ्या चारीचं लोखंडी दार मात्र एकवीस दिवस बंद होतं.

"तू उलगडून बघितलंस म्हणून पान सरळ होणारेय का?" मागून धाकटा म्हणाला. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. चाळिशी उलटली, दोन मुलांचा बाप झाला, तरी घरात त्याचं नाव धाकटाच. अक्का त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिनं लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारायची आसपास कोणाची छाती नव्हती.

"तू नुसता बघत उभा राहिलास म्हणून तरी होणारेय का?" ती म्हणाली. "जा, तात्यांना उठव. मुख्य दारावर जायचंय."

जाताना ती बांधावरच्या खांबापाशी थांबली. कमरेएवढ्या उंचीची लोखंडी नळी, तिच्यावर जेवणाच्या डब्याएवढी करड्या रंगाची डबी, वर बोटभर काडी. नळीच्या तळाचे दोन काटे जमिनीत रोवलेले. जमिनीत ओल किती, हे ती डबी मोजायची आणि दर पाच मिनिटांनी तसा निरोप बिनतारी धाडायची. लांब पोचेल एवढा आवाज तिच्यात नव्हता. म्हणून ती दुसऱ्या एखाद्या डबीला सांगायची, ती तिसरीला, असं करत निरोप कालव्याच्या मुख्य दाराजवळच्या खोलीत जायचा. तिथल्या पडद्यावर सत्तावीस शेतांच्या सत्तावीस डब्या दिसायच्या. ज्याची जमीन सगळ्यात कोरडी, त्याच्या चारीचं दार आधी उघडायचं. आपोआप. माणसाचा हात न लागता.

ऐकायला किती गोड! वशिला नाही, भांडण नाही, पाटकऱ्याची मर्जी सांभाळायला नको. आणि पाटकरी म्हणजे कोण? अक्काचे वडील, हे तात्याच. बत्तीस वर्षं त्यांनी कालव्यावर पायी फिरून पाणी वाटलं. दारांच्या फळ्या उचलून उचलून दोन्ही गुडघे गेले. डब्या आल्या त्या दिवशी अध्यक्षांनी त्यांच्या हातातून दारांच्या किल्ल्यांचा जुडगा घेतला, गळ्यात हार घातला आणि सांगितलं, आता आराम करा. तो हार संध्याकाळपर्यंत सुकला. जुडगा कुठे गेला कोणास ठाऊक.

दारावरच्या खोलीत पंखा होता, म्हणून अध्यक्ष बहुतेक तिथेच बसायचे. पडद्यासमोर कंपनीचा तंत्रज्ञ. त्याला सगळे डबीवालाच म्हणायचे. तिशीचा, पोटावर शर्टाचं बटण ताणलेलं, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. तात्या गुडघ्यामुळे पायरीवर टेकले. अक्का आत गेली.

"तेवीस नंबर," ती म्हणाली. "एकवीस दिवस दार उघडलेलं नाही."

डबीवाल्यानं बघितलं. "तुमची डबी गैरहजर आहे, ताई. सलग बारा निरोप पोचले, म्हणजे तासभर नीट बोलली, की हजर धरतात. तीन दिवस गैरहजर राहिली की पाळी पुढे जाते."

"गैरहजर कशी? बांधावर उभी आहे. दिवा लुकलुकतोय."

"उभी असेल, पण निरोप येत नाही. आणि सिग्नल तर पंच्याण्णव टक्के दाखवतोय. एवढा चांगला सिग्नल शहरातसुद्धा मिळत नाही."

"मग निरोप का येत नाही?"

डबीवाल्यानं अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी खुर्ची वळवली. "ते मी सांगतो. सिग्नल चांगला, डबी चांगली, आणि तरी निरोप नाही. याचा अर्थ कोणीतरी हात लावलाय. आणि डब्या नकोत म्हणून सगळ्यात जास्त बोंब कोणी मारली होती, हे मला आठवतंय." त्यांनी पायरीकडे बघितलं. "तात्या, पिशवीत काय आहे?"

"काही नाही साहेब."

"काही नाही तर दाखवायला काय हरकत आहे?"

तात्यांनी बत्तीस वर्षांत कोणाचं थेंबभर पाणी इकडचं तिकडं केलं नव्हतं. स्वतःचं शेत वाळत असतानासुद्धा पाळी आल्याशिवाय स्वतःची फळी उचलली नव्हती, त्यावरून घरात आईनं महिनाभर अबोला धरला होता. त्या माणसानं पिशवी पायरीवर उपडी केली. गुडघ्याला लावायचं तेल, चष्म्याचं रिकामं घर, कागदात गुंडाळलेलं सकाळचं उरलेलं खाणं. तेलाची बाटली गडगडत खाली गेली. पंख्याखाली बसलेल्या अध्यक्षांच्या माणसांपैकी एक जण हसला.

"चुंबक नाही, तार नाही," अध्यक्ष म्हणाले, जणू मोठी मेहेरबानी केली. "ठीक आहे. पण लेखी द्या, की डबीला हात लावला होता, पुन्हा लावणार नाही. मग नवीन डबी मागवू. महिनाभर लागेल. आणि नियम लक्षात ठेवा. कोणीही, कुठल्याही डबीला हात लावला, तर त्याचं हंगामाचं पाणी बंद."

"चार दिवस आहेत माझ्याकडे," अक्का म्हणाली. "महिन्यानं डबी येईल तेव्हा मी तिला काय दाखवू, कडबा? तोवर हातानं उघडा दार."

"हातानं काही करता येत नाही, अक्का. ते दिवस गेले. यंत्र ठरवतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती आणखी कशी असते? अक्काच्या कानशिलात रक्त असं चढलं की तिला समोरचा पडदा नीट दिसेना. तिनं खाली वाकून बाटली उचलली, तात्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उभं केलं. कागदावर सही केली नाही. रस्ताभर तात्या एकच वाक्य बोलले, "पिशवी धुवायला झाली होती," आणि ते ऐकून तिला जास्तच संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का डबीपुढे जाऊन बसली. खुरपं घरी ठेवलं. सोबत पाण्याची बाटली आणि ओच्यात वाटीभर खडे. डबीवर दोन दिवे होते. निरोप धाडला की लाल लुकलुकायचा, समोरून पोच आली की हिरवा. पोच नाही आली की डबी पुन्हा धाडायची. सात वेळा करून बघायची आणि तो निरोप सोडून द्यायची. एवढं तिनं तासाभरात ओळखलं. तिनं डावीकडे लालचे खडे मांडायला घेतले, उजवीकडे हिरव्याचे.

लाल, लाल, लाल, लाल, लाल, लाल, लाल. थांबली. पाच मिनिटांनी पुन्हा सात लाल. मक्याची पानं तिच्या मानेला घासत होती, कडेचे दाते कापत होते, घामानं चुरचुरत होतं. दहा वाजेस्तोवर डावीकडे खड्यांची रास झाली आणि उजवीकडे तीन खडे. बिचारी डबी ओरडून ओरडून मरत होती आणि ढिम्म कोणी उत्तर देत नव्हतं. हिच्यावर आरोप गैरहजेरीचा!

"काय गं, खेळतेस काय खडे?" खालच्या शेतातली बाई बांधावर आली होती. हिला सगळे खालची म्हणायचे. नवरा ट्रकवर, शेत एकटीच्या अंगावर, आणि जीभ अशी की ऐकणाऱ्यानं कानात बोटं घालावीत.

"तुझी डबी हजर आहे का गं?" अक्कानं विचारलं.

खालचीनं इकडेतिकडे बघितलं. "अठरा दिवस गैरहजर. मला सांगितलंय, कोणाला बोलू नको, तुझीच एकटीची बिघडलीय, गुपचूप बदलून देतो."

"तुझी एकटीची?"

"हो. तुझी पण?" खालचीनं एक शिवी हासडली, ती इथं लिहिण्यासारखी नाही. मग ती उठून चालायला लागली, एकेका शेतात शिरून विचारत. दुपारपर्यंत ती परत आली तेव्हा तिची साडी गुडघ्यापर्यंत धुळीनं भरली होती. सतरापासून सत्तावीसपर्यंत, कालव्याच्या शेपटाकडच्या अकराच्या अकरा डब्या मुक्या. आणि प्रत्येकाला वेगळं गाठून सांगितलेलं: तुझीच एकट्याची.

ती हे सांगत असतानाच दूरची धडधड थांबली. मोटरवाल्याची जेवायची वेळ. अर्धा तास मोटर थंड करायला तो बंद ठेवायचा. कान एकदम मोकळे झाले. आणि डबीवर लाल, मग हिरवा. पुढच्या निरोपाला लाल, लाल, हिरवा. मग लाल, हिरवा.

अक्का उठून उभीच राहिली. अर्धा तास प्रत्येक निरोपाला पोच मिळत गेली, सलग सहा. मग लांबवर मोटर खाकरली, धडधडायला लागली आणि दिवा पुन्हा लालच्या लाल.

"मोटर!" खालची म्हणाली. "मेल्याची मोटर!"

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी डबीवाल्याची मोटरसायकल कालव्याच्या पुलावर अडवली. खालचीनं सरळ किल्लीच काढून घेतली. तात्याही काठी टेकत आले होते. अक्कानं खड्यांचा आकडा सांगितला, मोटरचं सांगितलं. डबीवाला आधी हसला, मग हसायचा थांबला. त्यानं पिशवीतून छोटा पडदा काढला आणि पुलाच्या कठड्यावर बसून बराच वेळ बोटं फिरवली.

"तुमच्या सगळ्या डब्या चार नंबरला धरून बसल्यात," तो म्हणाला. चार नंबर म्हणजे अध्यक्षांच्या मोटरघराच्या छपरावरची डबी. तिला विजेची जोडणी होती, आवाज बाकीच्यांच्या दसपट. "प्रत्येक डबी मधूनमधून 'मी इथं आहे' म्हणून हाक देते. बाकीच्या ऐकतात आणि गुण देतात. जिची हाक मोठी ऐकू येते तिला जास्त गुण. मग निरोप तिच्याच हाती द्यायचा."

"मोठ्यानं ओरडणाऱ्याला गुण?"

"आम्ही तसंच बसवलंय."

"आणि तिला माझ्या डबीचं ऐकू जातं का, याला गुण नाहीत?"

डबीवाल्यानं मान खाली घातली. "तुमच्या डबीचा आवाज लहान. मधे डोक्याएवढा मका, पानापानात पाणी. त्यात आवाज जिरतो. त्यातून जे थोडंफार पोचतं ते मोटरच्या विजेच्या खरखरीत बुडतं. चार नंबर ओरडते सगळ्यांना ऐकू जाईल असं. पण मोटर चालू असली की ती ठार बहिरी असते."

"मग बसवताना तपासलं नाहीस?"

"तपासलं ना! पण तेव्हा शेतं उघडी होती, मका वीतभर होता. आणि उद्घाटनाला..." तो अडखळला. "भाषण ऐकू यावं म्हणून अध्यक्षांनी मोटर बंद करायला लावली होती. त्याच वेळात मी सगळे आकडे घेतले."

खालची हसत सुटली, पण त्या हसण्यात दात जास्त होते. भाषण ऐकू यावं म्हणून! अकरा घरांच्या तोंडचं पाणी पळवलं ते एका भाषणानं. आणि पुढचं चक्र तर कसं फिरत होतं बघा: शेपटाकडच्या डब्या मुक्या, म्हणून त्यांचं पाणी वरच्यांना; वर पाणी भरपूर, म्हणून मोटर दिवसरात्र; मोटर दिवसरात्र, म्हणून शेपटाकडच्या डब्या मुक्या. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, आणि कुत्र्याला पीठ गोड लागत होतं.

तात्या इतका वेळ कठड्याला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "आम्ही हाकेवर पाणी सोडायचो. वरून मी ओरडायचो, 'सोडू का?' आणि खालून 'हो' आल्याशिवाय फळी उचलायची नाही. माझा आवाज खाली गेला, एवढ्यावर काय समजायचं? 'हो' परत यायला पाहिजे. लांबच्या माणसाला हाक देऊन दहादा घसा फोडण्यापेक्षा आम्ही मधे दोनचार जण उभे करायचो. एकानं दुसऱ्याला सांगायचं. पहिल्या हाकेला निरोप पोचायचा."

"अगदी तेच मोजमाप आहे, आजोबा," डबीवाला म्हणाला. "एक निरोप पोचून त्याची पोच परत यायला सरासरी किती हाका लागतात, त्यावर गुण द्यायचे. चार नंबरकडून जायला तुमच्या डबीला चाळीस हाका लागतायत. आणि हिच्या बावीस नंबरकडून, मग एकोणीस, मग सोळा, मग खोली, असं गेलं तर चार टप्पे, पण प्रत्येकाला एक, फार तर दीड हाक. सगळ्या मिळून पाच."

"पाच चांगल्या की चाळीस?" अक्का म्हणाली. "बदल मग. आत्ता बदल."

"बदल एका ओळीचा आहे. पण मला तसा अधिकार नाही. संस्थेनं लेखी मागणी करायची, कंपनी मंजूर करणार. मी महिन्यापूर्वी अध्यक्षांना म्हटलं होतं, एकदा पुन्हा तपासू या. ते म्हणाले, चाललंय ते चालू दे."

"महिन्यापूर्वी तुला माहीत होतं?"

"शंका होती."

"आणि परवा तू पंख्याखाली बसून म्हाताऱ्याची पिशवी उपडी होताना बघत होतास."

 डबीवाल्याचे कान लाल झाले. किल्ली परत घेताना तो जमिनीकडे बघत पुटपुटला, "चार नंबरची हाकच बंद झाली, तर बाकीच्या डब्या दहापंधरा मिनिटांत आपोआप शेजारणीला धरतील. पण ती बंद कशी होणार? ती तर चोवीस तास ओरडते." मग त्यानं गाडीला लाथ मारली आणि तो निघून गेला.

चौथ्या दिवशी सकाळी आठच्या उन्हात, सगळ्यांना दिसेल अशा रीतीनं, अक्का अध्यक्षांच्या मोटरघराच्या छपरावर चढली. धाकट्यानं शिडी धरली होती. "हंगामाचं पाणी बंद करतील गं," तो तिसऱ्यांदा म्हणाला.

"चालू कधी होतं?"

तिनं चार ओली पोती वर घेतली होती आणि एक लोखंडी घमेलं. पोती डबीभोवती गुंडाळली, वर घमेलं उपडं घातलं, तारेनं करकचून बांधलं आणि घमेल्याला टेकून बसली. पत्रा तापायला लागला होता. खालून मोटरवाला ओरडला, "अक्का, उतर! माझी नोकरी जाईल!"

"तुझी मोटर मी बंद केली का? चालव की!"

तो शिडीकडे आला, तर धाकटा मधे उभा राहिला. हा धाकटा जन्मात कोणाला आडवा गेला नव्हता. त्यालाच त्याचं आश्चर्य वाटत असावं. मोटरवाला फोन करायला गेला.

नऊ वाजले. पत्र्याचा चटका लुगड्यातून मांडीला बसत होता. वरून तिला शेपटाकडची अकरा शेतं दिसत होती. हिरव्यात राखाडी मिसळल्यासारखी. तिच्या शेताची वरची, मुरमाची बाजू तर उभ्या उभ्या पिवळी पडली होती. एवढ्या उंचीवरून हे अध्यक्षांना रोज दिसत असणार. रोज दिसत असणार आणि ते रोज पंख्याखाली जाऊन बसत असणार. तिला त्या घमेल्यावर डोकं आपटावंसं वाटलं.

साडेनऊच्या सुमाराला मक्यातून खालची पळत आली, पदर खोचलेला, पाय चिखलानं भरलेले. चिखलानं! "आलं!" ती ओरडली. "माझ्या चारीत पाणी आलं! सतराचं उघडलं, वीसचं उघडलं, तुझं पण उघडलं! धो धो येतंय!"

मागोमाग अध्यक्षांची गाडी आली. ते उतरले ते ओरडतच. अक्का सावकाश शिडीवरून खाली आली, तिच्या जागी धाकटा वर चढून बसला, आणि ती म्हणाली, "इथं काय ओरडता? चला दारावर. सगळे तिथंच आहेत."

खोलीत शेपटाकडचे पंधरावीस जण दाटीवाटीनं उभे होते. पायरीवर तात्या. पडद्यावर इतके दिवस काळे असलेले अकरा आकडे उजळले होते आणि प्रत्येकापुढे एकच शब्द: कोरडी. कोरडी. कोरडी. यंत्रानं नियमाप्रमाणे वरची सगळी दारं लावून शेपटाची उघडली होती. यंत्राला कोणाशी वैर नव्हतं, आता तर ते अगदी शहाण्यासारखं वागत होतं.

"तेवीस नंबरनं संस्थेच्या डबीला हात लावलाय," अध्यक्ष दारातूनच म्हणाले. "नियम म्हणजे नियम. तेवीस बंद कर."

डबीवाला हलला नाही.

"ऐकू येत नाही का? तेवीस बंद कर, नाहीतर उद्या कंपनी तुला बंद करेल."

डबीवाल्यानं बोट उचललं. तेवीसवर टेकवलं. एक चौकोन उघडला, त्यानं पुन्हा बोट टेकवलं. एवढंच. खोलीच्या खिडकीतून लांबवर अक्काच्या चारीचं दार दिसत होतं. ते घरघरत खाली आलं आणि बसलं. दोन श्वासांचासुद्धा वेळ लागला नाही.

 मग पायरीवरून तात्यांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, "मुला, ते जे आत्ता दाबलंस, त्यानं दार उघडतंसुद्धा का?"

डबीवाला म्हणाला, "उघडतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

चोवीस दिवस. हातानं काही करता येत नाही, यंत्र ठरवतं. महिनाभर थांबा. लेखी द्या. पिशवी दाखवा. आणि एक बोट टेकवायचं काम होतं!  अक्का अध्यक्षांच्या इतकी जवळ गेली की त्यांना भिंतीला टेकावं लागलं.

"उघडा," ती म्हणाली.

"नियम..."

"उघडा."

खालचीनं मागे जाऊन खोलीचं दार लोटलं, आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून बैठक मारली. एकेक करत सगळे खाली बसले. कोणी अध्यक्षांच्या अंगाला बोट लावलं नाही. कोणी शिवी दिली नाही, खालचीनंसुद्धा नाही. कोणीतरी उठून पंखा मात्र बंद केला.

अर्ध्या तासात अध्यक्षांच्या शर्टाचा रंग बदलला. तासाभरानं त्यांनी धमक्या द्यायचं सोडलं आणि समजावायला घेतलं. मग तेही सोडलं. ओठांवरून जीभ फिरवत ते म्हणाले, "थोडं पाणी मिळेल का?"

"तुमची डबी हजर आहे का बघावं लागेल," खालची म्हणाली.

कोणी हसलं नाही. सगळे त्यांच्याकडे बघत होते. अध्यक्षांनी डबीवाल्याकडे बघून मान हलवली, अगदी किंचित, जणू माशी हाकलली. डबीवाल्यानं ती पुन्हा हलवायची वाट बघितली नाही. तेवीस उघडलं. मग त्यानं कोणालाही न विचारता दुसरं काहीतरी उघडलं आणि भराभर बोटं मारली. "ती एक ओळ," तो अक्काला म्हणाला. "बदलली. आता घमेलं काढलं तरी चालेल. माझं काय व्हायचं ते होईल."

"महिन्यापूर्वी बदलायला पाहिजे होतीस," अक्का म्हणाली. तिला त्याची दया आली नाही. कडी काढून ती बाहेर पडली आणि तशीच अनवाणी शेताकडे धावली.

संध्याकाळपर्यंत ती आणि धाकटा फावडं घेऊन सऱ्यांमधून पाणी फिरवत होते. माती इतकी तहानलेली की पाणी पुढे सरकायलाच तयार नव्हतं. भेगांमध्ये शिरायचं आणि बुडबुडे काढत नाहीसं व्हायचं. खालच्या सऱ्यांमधली पानं दिवस कलायच्या आत उलगडली. वरच्या मुरमात मात्र ती कणसं हातात घेऊन बघत गेली. केस तपकिरी, कुरकुरीत. बोटं लागली की गळून पडत होते. एक कणीस तिनं सोलून बघितलं. आत पांढरे, रिकामे दाणे होते. सरीमागून सरी तेच. तरी तिनं तिथंही पाणी सोडलं.

तात्या बांधावर काठी टेकून उभे होते. "किती वाचलं?" त्यांनी विचारलं.

"निम्मं," धाकटा म्हणाला.

"निम्मं का होईना, वाचलं," तात्या म्हणाले. "देवाची कृपा."

अक्कानं फावडं चिखलात रोवलं आणि वर बघितलं. चेहऱ्यावर चिखल होता, डोळे लाल होते.

"वाचलं म्हणू नका, तात्या," ती म्हणाली. "उद्या सगळे तेच म्हणतील. अध्यक्षसुद्धा तेच म्हणतील, निम्मं वाचलं ना, मग आता मिटवा. तुम्ही म्हणू नका. निम्मं मारलं म्हणा."

 तात्यांनी मान हलवली. "मारलं," ते म्हणाले.

अक्कानं फावडं उपसलं आणि पाणी पुढच्या सरीत वळवलं.